अक्काच्या हाताची उंची

आमच्या दारातल्या कडुलिंबाला एक लोखंडी कडं होतं. अप्पा बसडेपोत वेल्डर होते. भंगारातली सळई वाकवून, तिची दोन टोकं जोडून त्यांनी ते केलं होतं. आतून अठरा इंच, जमिनीपासून दहा फूट. जाळी नव्हती. मायनं एकदा कांद्याच्या पोत्याचा तुकडा बांधला होता, तो आठ दिवसांत फाटला. अक्का रोज सकाळी तिथं पन्नास चेंडू टाकायची आणि मी ओट्यावर बसून मोजायचो. त्या वेळी घरात दोनच आवाज असत. आत माय ज्वारीची भाकरी थापायची त्याचा एक, आणि बाहेर टणक मातीवर चेंडू आपटायचा त्याचा दुसरा. मायची पाठ दाराकडं असायची, तरी तिला चेंडू गेला की चुकला ते कळायचं. कड्याला लागला की ठण्ण व्हायचं. काहीच आवाज आला नाही की माय आतून म्हणायची, "गेला बघ." मग अक्का पुढच्या चेंडूला हात घालायची.

अक्काचं नाव सुजाता, माझ्याहून तीन वर्षांनी मोठी. ती औरादच्या कॉलेजात बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होती, मी पहिल्या वर्षाला. कॉलेजात बास्केटबॉल खेळणाऱ्या पोरी मोजून सात होत्या, त्यामुळं तिथं संघात येण्यात विशेष काही नव्हतं. पण कलबुर्गीला विद्यापीठ संघाच्या निवडीसाठी तीन जिल्ह्यांच्या पोरी आल्या होत्या आणि तिथंही तिला घेतलं होतं. तिला खेळाची शिक्षिका व्हायचं होतं. गळ्यात शिट्टी अडकवून ती घरभर फिरायची आणि मी उशिरा उठलो की कानाशी वाजवायची. "पाच मिनिटं लेट. मैदानाला दोन चकरा," म्हणायची. मैदान म्हणजे आमचं दार, ओट्यापासून कडुलिंबापर्यंत बावीस पावलं.

मला लहानपणापासून आकडे लिहायची सवय होती. कोणी लावली नव्हती. वहीत तारीख आणि पन्नासांपैकी किती गेले तो आकडा, एवढंच. चांगल्या दिवसांत चौतीस, छत्तीस. एकदा एकेचाळीस. पावसाळा संपत आला तेव्हा तीस आला, मग सत्तावीस, मग बावीस. अक्का म्हणाली, चेंडूत हवा कमी आहे. अप्पांनी डेपोत नेऊन हवा भरून आणली. दुसऱ्या दिवशी एकोणीस. चेंडू कड्याच्या अलीकडंच पडायला लागले होते. ती हसत होती, पण उजवा खांदा डाव्या हातानं दाबत होती. मी वही अप्पांपुढं ठेवली. अप्पांनी चष्मा लावून सगळं पान वाचलं, बोट फिरवत फिरवत खाली आले आणि म्हणाले, "हे कवापास्नं हाय?" मी म्हणालो, पोळ्यापासून. "मग इतके दिवस नुसतं लिहायलास कामून रे? सांगितलास कामून न्हाई?" पण रागावले नाहीत. उलट मायला म्हणाले, "ह्याच्या वहीमुळं कळलं बघ."

हे वाक्य मी पुढं बरेच महिने मिरवलं. ते मी इथं मुद्दाम लिहून ठेवतो, कारण नंतरच्या गोष्टीत माझा जो भाग आहे त्याचं मूळ बऱ्याच अंशी या वाक्यात आहे. माझा आकडा खरा असतो, असं घरात ठरून गेलं. मलाही तसंच वाटायला लागलं.

तुरी काढायला आल्या तेव्हा आम्ही हैदराबादला गेलो. मायचा धाकटा भाऊ, आमचा राजूमामा, तिथं एका कॉल सेंटरात होता, त्यानं डॉक्टर शोधून ठेवला होता. डॉक्टर म्हातारे होते, बोलणं मऊ. फोटो बघून त्यांनी सांगितलं की मानेच्या मणक्यांत मुख्य नस दबते आहे. ऑपरेशन करता येतं, पण जागा अवघड. झालं तर हात वाचेल, बिघडलं तर पायही जातील. आणि कधीकधी असं दुखणं आपोआप थांबतं, वर्षानुवर्षं तिथंच राहतं. अप्पांनी विचारलं, थांबलंय की नाही ते कसं कळणार. डॉक्टर उठले, अक्काला भिंतीला पाठ लावून उभं केलं, हात वर करायला लावला आणि पेनानं भिंतीवर बारीक रेघ मारली. "घर में ऐसा करना. हाथ कितना ऊपर जारा, हर हफ्ते देखना. दो इंच भी कम हुआ, तो एक दिन नै रुकना. सीधा मेरे पास." मग माझ्याकडं बघून म्हणाले, "कौन नापेगा?" अप्पा माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "ये नापेगा साब. ये एकदम बरोबर नापता."

रविवार ठरला. सकाळी विहारात वंदना व्हायची, तिथून घरी आलं की माय सगळ्यांना अंडी उकडून द्यायची, अक्काला दोन. ताकद यायला पाहिजे म्हणून. त्याच्यासोबत शेंगांची चटणी आणि कडक भाकरी. ते खाऊन झालं की मोजणी. आतल्या खोलीत बाबासाहेबांच्या फोटोच्या उजव्या हाताला चुन्याची भिंत मोकळी होती. अक्का पाठ लावून उभी राहायची, टाचा भिंतीला टेकवून. उजवा हात जाईल तेवढा वर. मी स्टुलावर चढून मधल्या बोटाच्या टोकाशी पेन्सिलीची रेघ मारायचो, मग अप्पांच्या पोलादी टेपनं जमिनीपासून मोजायचो. पहिल्या रविवारी सहा फूट सहा इंच. डाव्या हाताची रेघ तीन इंच वर होती, पण डाव्याची काळजी नव्हती. दुसऱ्या रविवारी उजवा सहा फूट सहाच. माय त्या दिवशी गूळ घालून तुरीच्या घुगऱ्या करून शेजारी वाटून आली. तिसऱ्या रविवारी पाव इंच कमी. चौथ्या रविवारी अर्धा. अप्पा म्हणाले, "पाव-अर्ध्या इंचाचं काही नसतं. पेन्सिलीचं टोक जाड असंल." मी टोक काढून पेन्सिल टोकदार केली.

व्हिडिओ गेमचं यंत्र आलं ते याच दरम्यान. मामाच्या ऑफिसातला कोणी साहेब परदेशात परत चालला होता, त्यानं ते मामाला देऊन टाकलं. पांढरी डबी, टीव्हीवर ठेवायची एक पट्टी आणि हातात धरायची दांडी. तिच्यात ना चेंडू ना तार. दांडी हातात धरून खाली न्यायची, की पडद्यावरची बाहुली चेंडू उचलायची. दांडी वर नेऊन चेंडू फेकल्यासारखं करायचं, की बाहुली चेंडू टाकायची. एका डावात तीस चेंडू. गेला की पडद्यातली माणसं टाळ्या वाजवायची आणि एक बाप्या इंग्रजीत ओरडायचा. मामानं जोडून दाखवलं तेव्हा आमचा खोक्यासारखा टीव्ही अर्ध्या गल्लीनं घेरला होता. ती बाहुली गोल मुंडक्याची होती आणि तिला दंड नव्हते. अंगापासून सुटे असे दोन गोळे हवेत तरंगायचे, तेच तिचे हात. माय जवळ जाऊन निरखून म्हणाली, "अगं, हिचे दंड कुठं गेले?" अक्का म्हणाली, "तिला लागतच न्हाईत, माय." सगळे हसले. मीही हसलो.

पहिल्या दिवशी अक्काचे तिसांत चार गेले. माझे नऊ. आठ दिवसांनी तिचे अकरा. तेव्हा आमच्याकडं वीज सकाळी तीन तास आणि दुपारी दोन तास असायची, त्या पाच तासांत अक्का दुसरं काही करत नव्हती. कॉलेजला जाणं जवळजवळ सुटलं होतं, कारण लिहिताना हात थरथरायचा. तिला खोलीतून बाहेर कडुलिंबाकडं बघायलाही नको वाटायचं, पण पडद्यापुढं बसली की तिचा चेहरा बदलायचा. ती टीव्हीसमोरच्या लोखंडी पलंगावर बसायची, गळ्यात शिट्टी तशीच. घरातल्या आवाजांत आता या टाळ्यांची भर पडली. माय भाकरी थापता थापता त्या इंग्रजी बाप्याला उत्तर द्यायची. "व्हय रे बाबा, गेला. कळालं. किती वरडायलास?" आणि मला म्हणायची, "लिही रे सिद्धू, लिही. आज किती?" मी लिहायचो. चौदा. पंधरा. एकोणीस. वहीच्या एका पानावर भिंतीचे आकडे होते, समोरच्या पानावर हे. भिंतीचे खाली जात होते, हे वर. पाचव्या रविवारी भिंतीवर सहा फूट पाच इंच आले. एक इंच गेला होता. अप्पांनी वही बघितली, मग समोरच्या पानावर बोट ठेवून म्हणाले, "पण हे तर वाढायलंय की."

सहावा रविवार. अप्पांना त्या दिवशी डेपोत सुट्टी नव्हती. माय अंड्यांची टरफलं टाकायला मागं गेली होती. अक्का भिंतीला टेकून उभी राहिली, हात वर केला, मी रेघ मारली आणि टेप लावला. सहा फूट साडेतीन इंच. पहिल्या रेघेपासून अडीच इंच खाली. मी स्टुलावरून खाली उतरलो नाही. तिनं मान न वळवता विचारलं, "किती?" मी सांगितलं. ती म्हणाली, "तू वाकडा धरलास टेप. पुन्हा घे." पुन्हा घेतला. तेवढाच.

"सिद्धू, आज मी एकवीस टाकलेत. काल एकोणीस. हात बिघडला असता तर एकवीस कसे गेले असते?"

"डॉक्टरांनी दोन इंच सांगितलेत, अक्का."

"डॉक्टरांनी हेबी सांगितलंय की पाय जातील म्हणून. आज तू हे लिहिलास की उद्या हैदराबाद. परवा मला कापायला घेतील. उठलेच न्हाई तर? तू उचलून नेशील का मला आयुष्यभर?" मग आवाज खाली आणून म्हणाली, "एकच रविवार सोड. पुढल्या रविवारी खरं मोज, मी काही म्हणणार न्हाई. पुन्हा मार रेघ."

तिनं हात पुन्हा वर केला. या वेळी बोट आधीच्या रेघेच्या वर गेलं. मी खाली बघितलं. तिच्या दोन्ही टाचा जमिनीवरून उचललेल्या होत्या, बोटांवर उभी होती ती, आणि पोटऱ्या थरथरत होत्या. मी ते स्वच्छ बघितलं. मग रेघ मारली. सहा फूट पाच इंच, गेल्या रविवारइतकीच. खालची खरी रेघ मी अंगठ्यानं पुसली, चुना अंगठ्याला लागला. माय आत आली आणि म्हणाली, "किती रे?" मी म्हणालो, "तेवढंच हाय."

आज मी सरकारी नोकरीत शेतं मोजतो. दोन भाऊ बांधावर उभे राहून मला सांगतात, साहेब, एवढं हातभर इकडं घ्या, कोणाला कळणार आहे. मी घेत नाही. माझ्याबद्दल तालुक्यात बोललं जातं की हा माणूस सुतभरही हलत नाही. लोक त्याचं कौतुक करतात. मला त्या कौतुकाचं काही वाटत नाही, कारण ज्या मोजणीला अर्थ होता ती मी एकदाच केली आणि ती खोटी केली.

सातव्या रविवारी ती म्हणाली, आज अंग दुखतंय, पुढच्या वेळी. आठव्या रविवारी मीच टेप काढला नाही. तिथून पुढं रविवारच्या रकान्यात मी तिच्या डावाचा आकडा लिहायला लागलो. मनाशी म्हणायचो, हाही हाताचाच आकडा आहे. अप्पा संध्याकाळी वही उघडायचे, तेवीस बघायचे, चोवीस बघायचे आणि वही मिटून तिच्यावर हात ठेवायचे. भिंतीचं त्यांनी विचारलं नाही. आता वाटतं, विचारायचं त्यांनी टाळलं. मायनंही टाळलं. घरात कोणालाच ते ऑपरेशन नको होतं, आणि ते नको असण्याला वर चढणारा एक आकडा मिळाला होता, तोही माझ्या अक्षरात. कधी अक्का केस विंचरून घ्यायला मायकडं जायची, कधी ताटावर खाली वाकून घास घ्यायची. मी ते बघायचो आणि दुपारी वीज आली की पुन्हा मोजायला बसायचो. पंचवीस. सव्वीस.

असे अकरा रविवार गेले.

जयंतीला मामा आला. दारात निळे झेंडे, गल्लीत ढोल. मायनं पुरणपोळ्या केल्या होत्या आणि आंबाड्याची भाजीही, कारण ती मामाला आवडायची. अप्पांनी नवा पांढरा सदरा घातला होता. जेवणं झाल्यावर वीज आली तशी माय म्हणाली, "राजू, तुझी भाची बघ आता. तू आणलास तवा चार टाकायची." अक्का म्हणाली, नको. पण अप्पा म्हणाले, "टाक गं, मामाला बघू दे." मी वही घेऊन बसलो.

अक्का पलंगावर बसली, दांडी हातात, हात मांडीवर. टाळ्या सुरू झाल्या. एक गेला, दोन गेले, पाच, दहा. मामा आधी पडद्याकडं बघत होता. मग तो तिच्याकडं बघायला लागला. मग उठून तिच्या बाजूला जाऊन उभा राहिला.

"सुजी, हात वर कर की."

"गेला की न्हाई चेंडू?" अक्का म्हणाली.

"चेंडू जायलाय गं. मी हाताचं म्हणायलोय." मामानं तिच्या हातातली दांडी हळूच काढून घेतली आणि तिच्याशेजारी बसला. स्वतःचा हात मांडीवर ठेवला, कोपर पोटाला चिकटवलं, आणि नुसतं मनगट झटकलं. चेंडू गेला. टाळ्या वाजल्या. पुन्हा झटकलं. गेला. "दाजी," तो अप्पांना म्हणाला, "ह्या यंत्राला हात दिसत न्हाई. झटका तेवढा कळतोय त्याला. हात वर गेला काय न् खाली ऱ्हायला काय, सारखंच."

पडद्यातला बाप्या अजून ओरडत होता. माय म्हणाली, "म्हंजे?" अक्का पडद्यावरच्या त्या बिनदंडाच्या बाहुलीकडं बघत होती. अप्पा उठले, टीव्ही बंद केला. बाहेरचा ढोल एकदम घरात आल्यासारखा वाटला.

"सिद्धू, टेप आण," ते म्हणाले.

अक्का भिंतीला पाठ लावून उभी राहिली. मी स्टूल आणत होतो तर अप्पा म्हणाले, "राहू दे." आणि ते खाली बसले, नव्या सदऱ्यासकट जमिनीवर, आणि दोन्ही तळवे तिच्या पायांवर ठेवून टाचा खाली दाबून धरल्या. हे त्यांनी का केलं ते मला आजपर्यंत कळलेलं नाही. त्यांना कोणी सांगितलं होतं, का वहीतला सहावा आकडा बघून त्यांना काही वाटलं होतं, ते मी कधी विचारू शकलो नाही. अक्कानं हात वर केला. तो तिच्या कपाळाशी थांबला. तिनं दात ओठांत रुतवले, खांदा थरथरला, हात तिथंच. स्टूल लागलंच नाही. पाच फूट एक इंच. पहिल्या रेघेपासून एक फूट पाच इंच खाली. वरच्या सगळ्या रेघा तिच्या डोक्यावर होत्या, आणि सहावी रेघ नीट बघितली तर तिच्याखाली अंगठ्यानं पुसलेला डाग होता.

अप्पा खाली बसलेलेच होते. त्यांनी वर बघितलं ते अक्काकडं नाही, माझ्याकडं. मग म्हणाले, "सकाळची बिदरची गाडी किती वाजता हाय?" मी म्हणालो, "साडेपाच."

हैदराबादला डॉक्टरांनी अक्काला तपासलं आणि विचारलं, नापलं नाही का. अप्पांनी पिशवीतून वही काढून टेबलावर ठेवली. डॉक्टरांनी पान उघडलं. सहा फूट सहा, सहा फूट सहा, पुढचे आकडे, मग सहाव्या ओळीला सहा फूट पाच, आणि त्याच्याखाली बावीस, तेवीस, तेवीस, चोवीस. त्यांचं बोट तिथं थांबलं. "ये क्या है?"

अप्पा म्हणाले, "वो... बॉल है साब."

डॉक्टरांनी वही मिटली आणि अप्पांच्या बाजूला सरकवली. रागावले नाहीत. ते रागावले असते तर बरं झालं असतं असं मला पुढं बरीच वर्षं वाटायचं. ऑपरेशन तिसऱ्या दिवशी झालं. हात परत आला नाही. सहाव्या रविवारी आलो असतो तर आला असता का, हे मी स्वतः विचारलं, दवाखान्याच्या जिन्यात गाठून. ते म्हणाले, "बेटा, मालूम नै. उस वक्त आते तो मालूम होता." एवढंच म्हणाले. मी या उत्तराची बरीच वर्षं उलटसुलट मोजणी केली आहे. त्यातून काही निघत नाही.

त्यानंतर दोन वर्षांनी डावा हात गेला आणि मग हळूहळू पाय. मनगटात झटका होता तोवर ती ते यंत्र खेळत राहिली, आता कोणी मोजायला नसताना. तिचा सगळ्यांत मोठा डाव एकोणतीसचा होता. मी दाराआडून ऐकला, वहीत लिहिला नाही. अप्पांनी एका सकाळी शिडी लावून कडुलिंबाचं कडं कापून काढलं आणि डेपोच्या भंगारात परत टाकून आले. मला त्यांनी कधी एक शब्द बोलून दाखवला नाही. पुढं बारा वर्षं जगले, त्यातल्या एकाही दिवशी हा विषय काढला नाही. माय एकदाच म्हणाली, तेही भाकरी थापताना, पाठ माझ्याकडं करून. "तू न्हाई रे बाळा. आपण समदेच." पण ती पाठमोरी होती म्हणून मला त्यातलं किती खरं होतं ते कळलं नाही.

अक्का आता माझ्याजवळ असते, त्याच घरात. अप्पा आणि माय दोघंही गेले. बायकोनं तिचं सगळं मनापासून केलं आहे, करते आहे. मी तिला उचलून नेतो. "तू उचलून नेशील का मला आयुष्यभर" असं तिनं विचारलं होतं, त्याचं उत्तर असं निघालं. वजन सदतीस किलो आहे. घराला दोनदा रंग दिला, पण आतल्या खोलीतली ती पट्टी मी रंगवू दिली नाही. रंगारी विचारतो, साहेब, एवढंच कामून सोडलात? मी सांगतो, राहू दे.

रविवारी ती मला मोजायला लावते. तिनंच लावलेली रीत आहे ही, माझी नाही. अंडी खाऊन झाली की म्हणते, "सिद्धू, टेप आण." मी तिची चाकाची खुर्ची त्या भिंतीला लावतो. ती हात वर करायचा प्रयत्न करते, म्हणजे तिचा चेहरा प्रयत्न करतो. हात खुर्चीच्या दांड्यावरच असतो. मी बोटाच्या टोकाशी पेन्सिल टेकवतो आणि जमिनीपासून मोजतो. गेली सहा वर्षं आकडा एकच आहे, रेघेवर रेघ पडून तिथं काळा पट्टा झाला आहे. डॉक्टर आता नाहीत. ही वही कोणाला दाखवायची नाही, हिच्यावरून काही ठरायचं नाही. गेल्या रविवारी मी न बघताच लिहायला लागलो, तर ती म्हणाली, "थांब. आधी टाचा बघ."

मी खाली वाकलो. पायपाट्यावर तिच्या दोन्ही टाचा टेकलेल्या होत्या. मग लिहिलं, दोन फूट चार इंच.